कशावरून?

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की ती आमच्या घरी मुक्कामाला येते. एकटी कधीच येत नाही. त्या वर्षी तेवीस जणी आल्या होत्या. जेवणाच्या टेबलाची अर्धी बाजू अडवायची, चहाचे गोल डाग अंगावर घ्यायचे आणि संक्रांत झाल्याशिवाय हलायचं नाही, ही तिची जुनी रीत. घरातले तिला वळसा घालून जेवतात.

बाबा होते तोवर त्यांची एक गंमत ठरलेली असायची. मी म्हणायची, "बाबा, टीव्ही जरा हळू, कॉमेंटरी तपासतेय." ते आतून विचारायचे, "कुणाची? बाळ पंडितांची असेल तर मोठ्यानं वाच." रेडिओवर मराठीतून क्रिकेट ऐकलेल्या माणसाला दुसरी कुठली कॉमेंटरी ठाऊक असणार! माझी कॉमेंटरी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या, म्हणजे आय.बी.च्या, अकरावी-बारावीत बिझनेस मॅनेजमेंट घेतलेल्या मुलांनी लिहायचा निबंध. निबंध म्हटलेलं मात्र तिला खपत नाही. एका खऱ्याखुऱ्या धंद्यापुढचा एक खराखुरा प्रश्न घ्यायचा, कागदपत्रं जमवायची आणि सतराव्या वर्षी त्या धंदेवाल्याला सांगायचं, काय करावं ते. धाडसाचंच काम.

'कॉमेंटरी' हे तिचं माहेरचं नाव. तेव्हा ती १५०० शब्दांची होती आणि फक्त स्टँडर्ड लेव्हलच्या मुलांकडे जायची. हायर लेव्हलच्या मुलांना तिची थोरली बहीण असायची, २००० शब्दांची. ती धंद्याच्या दारात जाऊन माणसांना प्रश्न विचारल्याशिवाय परतायची नाही. २०२४ च्या परीक्षेपासून दोघींना एकत्र केलं. आता सगळ्यांना एकच, १८०० शब्दांची, आणि कागदोपत्री नाव बिझनेस रिसर्च प्रोजेक्ट. स्टाफरूममध्ये आम्ही तिला 'आय.ए.' म्हणतो, म्हणजे इंटर्नल असेसमेंट. माझ्या तोंडी मात्र अजून कॉमेंटरीच. सासरचं नाव कितीही भारदस्त असलं तरी माहेरची माणसं जुन्याच नावानं हाक मारतात.

तिचा बांधा बघावा. १८०० म्हणजे १८००, वर एक शब्द नाही. १८०१ व्या शब्दापाशी तपासणाऱ्यानं थांबायचं. पुढे अमृत सांडलेलं असलं तरी त्याला गुण नाहीत. आणि पोरं अमृत नेमकं शेवटी सांडतात. निष्कर्ष सीमेबाहेर पडलेला किती वेळा पाहिलाय! तक्त्यातले आकडे, आकृत्या, सूत्रं आणि संदर्भयादी मात्र या मोजणीत येत नाहीत. हे कळल्यावर मुलं जे करतात त्याला तोड नाही. अख्खे परिच्छेद उचलून चौकटीत बसवतात आणि वर लिहितात 'तक्ता ३'. पोटाला घट्ट पट्टा बांधून फोटोला उभं राहावं तसं. ती श्वास सोडते तेव्हा सगळं बाहेर येतंच.

खाण्याच्या बाबतीत तर ती भारी चिकित्सक. आधाराला कागद तीन ते पाच. दोन दिले तर उपाशी, सहा दिले तर अजीर्ण. शिवाय शिळं चालत नाही: तीन वर्षांपेक्षा जुना कागद ती पानात घेत नाही. एका अस्सल पुणेकर मुलीला विषय सुचला होता, चितळ्यांनी दुपारी एक ते चार दुकान उघडं ठेवावं का? मी हसत सुटले. पुण्यात याहून गंभीर व्यावसायिक प्रश्न झाला नसेल. पण चितळ्यांनी २०१७ साली तो सोडवून टाकला, त्यावरच्या बातम्या कधीच शिळ्या झाल्या. मुलगी हिरमुसली. मलाही वाईट वाटलं. ती कॉमेंटरी मी चवीनं वाचली असती.

तिचं बोलणं मात्र अगदी थोडं. खरं तर एकच शब्द: कशावरून?

मुलानं लिहावं, 'या कंपनीवर ग्राहकांची अढळ निष्ठा आहे.' कशावरून? 'स्पर्धा दिवसेंदिवस तीव्र होत आहे.' कशावरून? 'म्हणून कंपनीनं नव्या बाजारपेठेत उतरावं.' कशावरून? सरकारी खिडकीवरचा कारकून कागद मागतो तो सूर नाही हा. वाड्यातलं भांडण मिटवायला आलेली शेजारीण विचारते तो सूर आहे: तू स्वतः पाहिलंस की ऐकलंस? पाहिलं असशील तर कुठं उभा होतास? पंचवीस गुण असतात तिच्याकडे आणि सात कप्प्यांत ती ते वाटते. पण सगळ्या कप्प्यांच्या किल्ल्या या एका शब्दाच्या जुडग्यात आहेत, असं माझं मत आहे. स्टँडर्ड लेव्हलच्या निकालात तिचा वाटा ३० टक्के, हायरमध्ये २०. त्यामुळे पालकही तिला घाबरून असतात.

आय.बी.कडे येण्यापूर्वी सहा वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवत होते. तिथे हिची एक लांबची चुलत बहीण भेटायची: बारावीचा वीस गुणांचा प्रकल्प. ती दिसायला हिच्यापेक्षा कितीतरी देखणी. वळणदार अक्षर, समासात वेलबुट्टी, मुखपृष्ठावर चकचकीत प्लॅस्टिक. आत बँकेला दिलेल्या भेटीचा वृत्तांत. साठ मुलांनी एकाच बँकेला, एकाच दिवशी, एकाच वाक्यात भेट दिलेली. तिला कुणी कधी 'कशावरून' विचारलं नाही, त्यामुळे तिचाही स्वभाव गोड राहिला. मी तिला नावं ठेवत नाही. तिच्या जोरावर कित्येकांची टक्केवारी तरली आहे, माझ्या भाच्याची धरून.

ही मात्र नटली की विचित्र दिसते, आणि मुलांना तिला नटवायची भारी हौस. दागिने सगळे उसने. पहिला दागिना स्वॉट, चार चौकोनांचा: बळ, दुबळेपण, संधी, धोका. मग इगोर अ‍ॅन्सॉफनं १९५७ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत मांडलेला चौकोन: जुना माल की नवा, जुना बाजार की नवा. त्यानंतर बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ब्रूस हेंडरसननं १९७० साली घडवलेला, त्यात दुभत्या गाई, कुत्रे, तारे आणि प्रश्नचिन्हं. वर कुर्त लेविनचा बाणांचा हार, बदल पुढे ढकलणारे बाण एकीकडे, मागे ओढणारे दुसरीकडे. एका मुलानं घराजवळच्या फराळाच्या दुकानाला हेंडरसन घातला होता. त्यात अळूवडी तारा होती, साबुदाणा वडा दुभती गाय, आणि उकडीच्या मोदकापुढे प्रश्नचिन्ह. मी त्याला विचारलं, बाजारात अळूवडीचा हिस्सा किती ते तुला कसं कळलं? तो म्हणाला, "मॅम, खूप खपते." ही टेबलावरून बघतच होती. कशावरून?

बहुतेक मुलं तिला मोठमोठ्या कंपन्यांच्या दारात नेऊन उभी करतात. आयफोनवाले, विजेच्या मोटारवाले, बुटांचे ब्रँड. तिथे ती परकी वाटते. इंटरनेटवर कागद ढिगानं मिळतात, पण ते सगळे कुणीतरी आधीच चावून ठेवलेले. अलीकडे चॅटजीपीटीही हाताशी आहे. आय.बी.नं २०२३ साली त्यावर बंदी घालायची नाही असं जाहीर केलं. घेतलं तर घेतलं म्हणून नोंदवा, इतकंच सांगितलं. तिथून आलेल्या कॉमेंटऱ्या मी दोन परिच्छेदांत ओळखते. त्यांना घाम येत नाही. सगळं बरोबर, सगळं गुळगुळीत, आणि 'कशावरून' विचारलं की नुसतंच नम्र हसू.

त्या तेविसांतली एक तशी नव्हती, आणि मला खरं सांगायचंय ते तिच्याविषयी.

तिचा धनी एक अबोल मुलगा. त्याची मावशी पेठेत पोळी-भाजी केंद्र चालवते. दोन बाया पोळ्या लाटतात, मावशी भाज्या आणि वरण बघते. महिन्याच्या डब्याची गिऱ्हाइकं ठरलेली: एकटे राहणारे आजी-आजोबा, परीक्षांची तयारी करायला आलेली मुलं, आयटीतली जोडपी. मुलानं प्रश्न घेतला: मावशीनं डिलिव्हरी अ‍ॅपवर यावं का? प्रत्येक कॉमेंटरीला चार संकल्पनांपैकी एक भिंग म्हणून घ्यावी लागते: बदल, सर्जनशीलता, नीतिमत्ता, शाश्वतता. त्यानं बदल घेतला. कागद पाच: अ‍ॅपचं दरपत्रक, रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानं एप्रिल २०२२ मध्ये दोन मोठ्या अ‍ॅपांच्या चौकशीचा आदेश दिला, त्याची बातमी, डबेवाल्या गिऱ्हाइकांकडून भरून घेतलेली प्रश्नावली, मावशीची मुलाखत, आणि मावशीच्या वहीची सहा पानं.

पहिल्या खर्ड्यात त्यानं हिशेब मांडला होता तो असा. डबा ११० रुपयांना. शिधा, गॅस, कागद धरून डब्यामागे खर्च ६८. उरले ४२. जागेचं भाडं, बायांचा पगार आणि वीज मिळून महिन्याला ४६,२०० रुपये. ४२ नं भागलं की १,१०० डबे. म्हणजे महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर रोज ४३ डबे गेले की केंद्र स्वतःच्या पायावर उभं. हे बरोबर. पुढे अ‍ॅप. शेकडा २५ कमिशन, म्हणजे २७ रुपये ५० पैसे गेले. सांडू नये म्हणून वेगळा डबा, त्याचे ६. उरले साडेआठ. आता ४६,२०० ला साडेआठनं भागा: ५,४३६ डबे! एवढे डबे त्या खोलीत मावणारही नाहीत. सबब अ‍ॅपवर येऊ नये. खाली दोन रेघा.

चूक मला लगेच दिसली. पण नियम असा की शिक्षकानं एकाच खर्ड्यावर सल्ला द्यायचा, आणि तोही दुरुस्ती न करता. नंतर मुलगा आणून देईल ते शेवटचं. चूक दाखवायची नाही, पण ती कुठल्या दिशेला आहे तेवढं खुणावायचं. मंगळागौरीत उखाण्यातून नाव काढून घेण्यासारखं हे काम. मी समासात तीन शब्द लिहिले: भाडं कोण भरतंय?

चौथ्या दिवशी तो दारात उभा. "मॅम, भाडं रोजचे डबेवाले भरतात. मावशी म्हणाली. मी तेच भाडं अ‍ॅपच्या डब्यांवर परत एकदा लावलं."

मी काही बोलले नाही. बोलायची परवानगीच नव्हती.

मग हिशेब उलटला. भाडं आधीच भरलेलं असेल तर अ‍ॅपवरच्या प्रत्येक डब्याचे साडेआठ रुपये सरळ हातात पडतात. मग यावं की अ‍ॅपवर! पण ही बया टेबलावर बसलेलीच. दोन बाया दिवसाला २४० पोळ्या लाटतात, म्हणजे ६० डबे. ओट्याला आणि शेगड्यांना ९० पर्यंत झेपेल, पण त्याला तिसरी बाई हवी, तिचे रोजचे ४०० रुपये. वरचे ३० डबे गुणिले साडेआठ, २५५. म्हणजे दिवसाला १४५ रुपयांची खोट. इथवर तो स्वतःच आला. मला वाटलं, झालं, इथे आता 'येऊ नये' लिहील आणि गुण घेऊन जाईल. पण ज्याला हिचं व्यसन लागतं त्याला लवकर झोप लागत नाही. तो वही घेऊन बसला.

ती वही मी पाहिली आहे. लांबट, लाल कापडी बांधणीची. पानांच्या कडा हळदीनं पिवळट झालेल्या, एका पानावर तेलाचा डाग इतका आरपार की पलीकडची नावं अलीकडे उलटी दिसतात. डावीकडे नावं: 'कुलकर्णी आजी २ रा मजला', 'चष्मेवाला', 'यूपीएससी चौघे'. उजवीकडे तारखांची घरं. डबा गेला की टिंब. नको म्हणून कळवलं की 'खा'. खाडा.

खाड्याचं इंग्रजी करायला त्याला आठवडा लागला. कागद मराठीत असेल तर लागणाऱ्या भागाचं भाषांतर जोडावं लागतं. आधी त्यानं गैरहजेरी अशा अर्थाचा शब्द घातला, मग सुटी, मग रद्द केलेली ऑर्डर. एकही चालेना. गैरहजेरीला शिक्षा असते, खाड्याला नसते. रद्द ऑर्डरमध्ये रुसवा असतो, खाड्यात नाही. गिऱ्हाइकानं आदल्या रात्री कळवायचं, मावशीनं 'खा' लिहायचं, महिनाअखेर तेवढे पैसे कापायचे आणि कुणी कुणावर नाराज व्हायचं नाही, असा तो करार आहे. कागदावर कुठेच नाही आणि सगळे पाळतात. शेवटी त्यानं खाडा रोमन लिपीत तसाच ठेवला आणि एका वाक्यात खुलासा केला. तेव्हा शब्द भरले १८१९. जागा करायला कुर्त लेविनच्या बाणांचा परिच्छेद गेला. एकदाही मागे वळून न बघता गेला. मॅनेजमेंटच्या कुठल्याही पुस्तकात हा निर्णय चुकीचाच ठरेल. मला तो त्या वर्षातला सगळ्यात चांगला निर्णय वाटला.

कारण खाडे मोजल्यावर एक गोष्ट उघडी पडली. खाडे इकडेतिकडे विखुरलेले नव्हते. शनिवारी पंधरा-सोळा, इतर दिवशी दोन-तीन. आयटीवाले बाहेर जेवतात, विद्यार्थी गावी जातात. बायांना मात्र शनिवारचाही पगार असतोच. म्हणजे शनिवारी साठ डब्यांच्या पोळ्या लाटणारे हात आणि चव्वेचाळीस तोंडं. अ‍ॅप हवंच असेल तर ते आठवड्यातून एक दिवस, तिसऱ्या बाईशिवाय, फक्त खाड्याची भोकं बुजवायला. पंधरा डब्यांचे साडेआठनं एकशे सत्तावीस रुपये पन्नास पैसे.

एवढ्यावर त्याची कॉमेंटरी संपत आली होती. कुठल्या कंपनीचा कायापालट नाही, परदेशी विस्तार नाही. शनिवारी एकशे सत्तावीस रुपये. आणि त्यातही त्यानं मुलाखतीतली एक फट प्रामाणिकपणे उघडी ठेवली. मावशीनं सांगितलं होतं, "पोळी अर्धा तास पिशवीत कोंडली की तिला घाम सुटतो. मग ती पोळी राहत नाही, फडकं होतं. आणि मग तो परका माणूस मला तारे देणार." त्यावर मुलानं लिहिलं की घाम सुटलेल्या पोळीमुळे नाव किती बिघडेल हे त्याच्या पाच कागदांतून सांगता येत नाही, आधी दोन महिने जवळच्याच भागात करून पाहावं आणि मग ठरवावं. तेविसांतल्या बावीस जणींनी शेवटी छातीठोकपणे सल्ला दिला होता. ही एकटीच म्हणाली, इथून पुढे माझ्याजवळ कागद नाही.

त्या रात्री ती टेबलावर जरा सैल बसली होती असं मला वाटलं. लाल पेन मी बंद करून ठेवलं.

एक भानगड मात्र झालीच. कागदांतला जो भाग वापरला तो रंगवून दाखवायचा असतो. मुलानं घाईत छायाप्रतीऐवजी मूळ वहीवरच पिवळा हायलायटर फिरवला. सहा पानांवरचे सगळे 'खा' लखलखीत पिवळे. मावशीनं त्याला फोनवर जे ऐकवलं ते त्यानं मला सांगितलं नाही, पण दोन दिवस त्याचे कान लाल होते.

जुलैत निकाल लागला. ऑगस्टात आमची स्वयंपाकाची बाई गावी गेली आणि मी त्याच केंद्रात डबा लावला. मावशींनी मला ओळखलं. "तुम्हीच ना त्या मॅडम? पास झाली का माझी वही?" झाली म्हटलं. "मग बरं. काय ते शनिवारचं म्हणत होता पोरगा, बघू गणपतीनंतर." अ‍ॅपवर त्या आल्या की नाही ते मी विचारलं नाही.

महिनाअखेर पैसे द्यायला गेले तेव्हा त्यांनी वही पुढे सरकवली. माझं नाव 'आय.बी. मॅडम' असं होतं. त्यापुढे टिंबांची रांग आणि मध्ये चार ठिकाणी पिवळा ठिपका, नुसता, अक्षराशिवाय. कॅलेंडरच्या खिळ्याला सुतळीनं हायलायटर लटकत होता. "हे बरं पडतं," मावशी म्हणाल्या, "चष्मा नसला तरी दिसतं." आणि चार दिवसांचे पैसे वजा करून त्यांनी सुटे मोजायला घेतले.